आज बसायचं का? हो, मीटिंगला!

ठाकुर्ली स्टेशनबाहेर उभं राहून दारू कुठे मिळते असं विचारा, सांगायला चार जण पुढे येतील. पूर्वेला की पश्चिमेला, देशी की इंग्लिश, बसायला जागा आहे की नुसतं पार्सल, सगळी माहिती मिळेल. आता त्याच चौघांना विचारा, ‘दारू सोडायचीय, इथे जवळपास मीटिंग कुठे असते?’ उलट प्रश्न येईल, ‘कसली मीटिंग?’

मीटिंग म्हणजे दारू सुटलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, बहुतेक वेळा भाड्यानं किंवा कुणाच्या मेहेरबानीनं मिळालेल्या एखाद्या शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये दीड तास भरणारी. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, हे त्यातलं सगळ्यात जुनं आणि मोठं नाव. मुंबई-ठाणे पट्ट्यात या मीटिंग मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत चालतात. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. तरी आपल्यापैकी बहुतेकांना त्या कुठे भरतात याचा पत्ता नसतो. असं का, हा प्रश्न जरा जास्तच विचारण्यासारखा झालाय.

कारण दारू २०२५ साली बातम्यांत होती ती पैशाच्या हिशेबात. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. ठरावीक किमतीपर्यंतच्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर ते निर्मिती मूल्याच्या तिप्पट होतं, ते साडेचारपट झालं. धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवाच प्रकार आला. या सगळ्यातून तिजोरीत वर्षाला साधारण १४ हजार कोटी रुपये जादा येतील, असा सरकारचा अंदाज. कट्ट्यावर चर्चा झाली ती क्वार्टर कितीला पडणार याची. बारवाल्यांनी निषेध केला. दारू महागली की पिणं कमी होतं असं जगभरचे आरोग्यवाले सांगतात, ते खरंही आहे. पण महाग झाली म्हणून ज्याची सुटत नाही, त्याचं पुढे काय, यावर कुणी बोललं नाही.

त्याचे आकडे आहेत. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’नं देशभर सर्व्हे केला, तो २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, म्हणजे जवळपास १६ कोटी. त्यातल्या साधारण पावणेसहा कोटींचं पिणं मदत लागावी इतकं बिघडलेलं आहे. आणि दारूवर पुरतं अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांमागे एकालाच कसली ना कसली ट्रीटमेंट मिळते. बाकीचे ३७ आपापल्या घरी आहेत. एखादा तुमच्याच मजल्यावर असेल.

जाहिरात न करणारी संस्था

मीटिंगचा पत्ता सापडत नाही याचं एक कारण खुद्द एएच्या नियमांत आहे. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघे दारूनं बुडालेले, एकमेकांना भेटले. दोघांच्या लक्षात आलं की बायको, डॉक्टर, पाद्री यांचं ऐकून जे जमलं नाही, ते दुसऱ्या बेवड्याशी बोलून जमतंय. त्यातून एए उभी राहिली. १९५७ च्या सुमारास ती भारतात आली आणि आज तिचं देशाचं मुख्य ऑफिस आपल्या भायखळ्यात आहे. पण संस्थेचे काही दंडक आहेत. बाहेरच्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत, सरकारकडूनही नाही. पेपर-टीव्हीवर सदस्याचं नाव-फोटो द्यायचं नाही. प्रचार करून माणसं गोळा करायची नाहीत, ज्याला गरज वाटेल तो येईल. होर्डिंगवर हसरा चेहरा टाकून ‘मी सोडली, तुम्हीही सोडा’ हा प्रकार इथे बसतच नाही.

तत्त्व म्हणून छान. पण रिकामी ठेवलेली जागा कुणीतरी भरतंच. लोकलच्या डब्यात मान वर करून बघा. ‘दारू सोडवा, रुग्णाच्या नकळत’ अशी कागदं चिकटवलेली दिसतात, खाली मोबाइल नंबर. त्या पुडीत काय आहे ते कुठे छापलेलं नसतं. आणि ‘नकळत’ हाच यातला सगळ्यात धोक्याचा शब्द. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे, डॉक्टर ते देतात. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. म्हणून ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. असलं काही आमटीतून कालवून दिलं आणि त्या माणसानं संध्याकाळी नेहमीप्रमाणे क्वार्टर मारली तर? घरच्यांचा हेतू चांगला असतो, पण असली गोष्ट जीवावर बेतू शकते.

म्हणजे चित्र असं: खोटं औषध लोकलच्या भिंतीवर, दारूचं दुकान नाक्यावर, आणि मीटिंग कुठल्यातरी शाळेच्या मागच्या गेटनं आत, दुसऱ्या मजल्यावर, पाटी नसलेल्या वर्गात.

मग शोधायची कशी? एए इंडियाच्या वेबसाइटवर भाग आणि वार टाकून मीटिंग शोधता येते. डोंबिवली, कल्याण, ठाणे असं वेगवेगळं टाकून बघायचं, नुसतं ‘ठाकुर्ली’ टाकून थांबायचं नाही. पत्ता मिळाला तरी निघण्याआधी दिलेल्या नंबरवर फोन करायचा, कारण परीक्षा लागल्या की शाळेचा वर्ग जातो आणि मीटिंग दुसरीकडे हलते. फोन उचलणारा पगारी ऑपरेटर नसतो, बहुधा तोही त्यातूनच गेलेला असतो. त्याला दोन गोष्टी विचारायच्या. भाषा कुठली, आणि मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय त्यांच्यासाठी. ओपनला कुणीही जाऊ शकतं, मित्र, बहीण, मानसशास्त्राचा प्रोजेक्ट करणारी विद्यार्थिनीसुद्धा. कोविडपासून ऑनलाइन मीटिंगही भरपूर झाल्यात, कॅमेरा बंद ठेवून बसता येतं. सरकारी मार्ग हवा असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ १४४१६. दोन्ही फुकट.

आत काय होतं, याबद्दल सिनेमांनी बऱ्याच कल्पना करून दिल्यात. प्रत्यक्षात पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा ते खूप साधं असतं. खुर्च्या किंवा शाळेचे बाक, चहा, बिस्किटं. एक जण सूत्रं सांभाळतो. सुरुवातीला थोडं वाचन. मग ज्याला वाटेल तो उठून आपलं पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे असं म्हणतो आणि आपली हकिगत सांगतो. काल काय झालं, पगाराच्या दिवशी स्टेशनवरून घरी येताना कुठल्या गल्लीनं यायचं टाळलं, मुलीच्या शाळेत पहिल्यांदा शुद्धीत कसा गेलो. शेवटी प्रार्थना, आणि एक पिशवी फिरते. त्यात ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. नव्यानं टाकायची गरज नाही. बोलायचीही नाही. नुसतं ऐकून निघून आलात तरी कुणी अडवत नाही.

एक नियम मात्र आपल्या घरांपेक्षा अगदी वेगळा. कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, आणि सल्ला द्यायचा नाही. आपल्याकडे पिणाऱ्या माणसाला सल्ल्याशिवाय काय मिळतं? आईची शपथ, पोराच्या डोक्यावर हात, देवासमोर नारळ. मामा येऊन दोन तास बोलतो. मित्र म्हणतात, ‘अरे लिमिटमध्ये घे ना.’ इथे समोरचे वीस जण गप्प बसून ऐकतात आणि त्यांच्यातला प्रत्येक जण हे सगळं करून चुकलेला असतो.

सुधाकर एकटाच होता

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये. सिलॅबसमध्ये नसलं तरी सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही नावं माहीत असतील. त्यात तळीरामानं काढलेलं ‘आर्यमदिरामंडळ’ आहे, पिणाऱ्यांचा रीतसर क्लब. या मंडळाची चेष्टा करताना गडकऱ्यांनी एक गोष्ट अचूक पकडली आहे, ती म्हणजे दारू टोळीनं चालते. सुधाकर मध्येच सोडतोही. निश्चय करतो, काम मागायला ओळखीच्यांकडे जातो, अपमान पदरात घेऊन परत येतो आणि पुन्हा बाटलीकडे वळतो. पिण्यासाठी त्याला अख्खं मंडळ होतं आणि सोडताना तो एकटा होता. नाटकाला शंभर वर्षं उलटली, पण आपलं व्यसनमुक्तीचं डोकं अजून सुधाकरच्या निश्चयापाशीच अडकलंय.

मराठीत पिण्याला शब्दच ‘बसणं’ आहे. ‘आज बसायचं का?’ यात दारूचा उल्लेखसुद्धा नाही, नुसतं सोबत बसणं आहे. मीटिंगमध्येही तेच आहे, फक्त टेबलावर चहा. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. हार्वर्डचे जॉन केली हे संशोधक अनेक वर्षं एए का चालते हेच शोधत आहेत. त्यांच्या अभ्यासातून सारखं पुढे येतं ते हे की माणसाचा कंपू बदलतो. पिणाऱ्या मित्रांची जागा न पिणारे मित्र घेतात, आणि मोहाच्या वेळी नाही म्हणता येईल हा भरवसा वाढतो. २०२० मध्ये केली आणि सहकाऱ्यांनी ‘कॉक्रेन’साठी २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र करून तपासली. एए आणि तिच्याशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर ४२ टक्के लोक पूर्णपणे दारूपासून लांब होते. समुपदेशनाच्या इतर पद्धतींत हाच आकडा ३५ टक्के. म्हणजे जादू नाही. निम्म्याहून जास्त जण तरीही घसरले. पण फुकटच्या मीटिंगनं महागड्या थेरपीच्या खांद्याला खांदा लावावा, किंचित पुढेही जावं, ही लहान गोष्ट नाही.

आपल्याकडे हे वेगवेगळ्या रूपांत आधीपासून आहेच. माळ घातलेला वारकरी दारूला शिवत नाही, कारण गावाला ते माहीत असतं आणि दर वर्षी दिंडी येते. ठाणे-रायगड पट्ट्यात ‘मी बैठकीला जातो’ म्हटलं की रेवदंड्याच्या धर्माधिकारींची बैठक हे लगेच कळतं. तिथे जायला लागल्यापासून बाबांची सुटली, असं सांगणारी घरं या भागात बरीच भेटतील. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथून बाहेर पडलेल्यांसाठी गावोगावी फॉलोअप मीटिंग असतात, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. बांद्र्यात फादर जो परेरांनी १९८१ मध्ये काढलेल्या ‘कृपा फाउंडेशन’नं एएच्या पायऱ्या आणि अय्यंगार योग यांची सांगड घातली. कुणाला विठ्ठल चालतो, कुणाला योग, कुणाला नुसता चहा. पण ठरलेला वार आणि वाट बघणारी माणसं सगळीकडे आहेत.

एएवर आक्षेप आहेत आणि ते ऐकले पाहिजेत. बारा पायऱ्यांत देवाची भाषा आहे. ‘तुम्हाला समजेल तसा देव’ अशी सूट दिली असली तरी नास्तिक पोराला ते खुपतं. कायम स्वतःला अल्कोहोलिक म्हणत राहायचं हे काहींना पटत नाही. आणि विशीतल्या मुला-मुलींची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे, आत सगळे काका! अमेरिकेत तरुण सदस्यांची वेगळी अधिवेशनं १९५८ पासून होतात. आपल्याकडे वीस वर्षांच्या मुलीला पन्नाशीतल्या पुरुषांनी भरलेल्या वर्गात जाऊन बसायचं म्हणजे अवघडच. तिच्यासाठी महिलांची किंवा ऑनलाइन मीटिंग विचारून घेणं हा जास्त बरा मार्ग. ‘एम्स’च्या सर्व्हेत पिणाऱ्या बायका १.६ टक्केच दिसतात. खरं सांगतात किती जणी, हा भाग वेगळा.

दुसरी भीती ओळखीची. डोंबिवली-ठाकुर्ली म्हणजे अजून मोठं गावच. नव्वद फुटी रोडवर संध्याकाळी चक्कर मारली तर सोसायटीतले तीन जण भेटतात. मीटिंगला जाताना कुणी बघितलं तर? यावर एक अगदी रेल्वेछाप उपाय आहे. आपल्या स्टेशनची मीटिंग सोडून काही स्टेशनं पुढची धरायची. ठाकुर्लीच्या माणसानं मुलुंड गाठावं, मुलुंडच्यानं कल्याण. पास असतोच. आणि आत ओळखीचं कुणी भेटलंच, तर तोही तिथे त्याच कारणानं आलेला असतो.

विशीच्या आतलं पिणं

कॉलेजच्या वयात मदत मागायला आणखी एक अडसर आहे, तो कायद्याचा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं आणि हार्ड लिकरसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, शिवाय पिण्याचा परवाना वेगळा. म्हणजे फार्महाउसच्या वन-डे पिकनिकला जे चालतं, ते बहुतेक बेकायदाच. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनीअर गेले. चालवणारा १७ वर्षांचा, पबमधून आलेला. ३०० शब्दांच्या निबंधावरून देशभर संताप झाला, तो व्हायलाच हवा होता. पण त्यानंतर पबवर, परवान्यांवरही कारवाई झाली. आपलं पिणं हाताबाहेर चाललंय असं ज्या पोराला स्वतःलाच वाटतंय, त्यानं सांगायचं कुणाला? प्रिन्सिपलना सांगितलं तर घरी फोन, घरी सांगितलं तर हॉस्टेल बंद.

मीटिंगमध्ये वय आणि परवाना कुणी विचारत नाही. डॉक्टरकडे गेलात तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जशी जोडलेले आजारही येतात, आणि त्याच कायद्यानं पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय. आपण त्या टप्प्यावर आहोत की नाही हे कळत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. पाच मिनिटं लागतात. आठ किंवा त्याहून जास्त गुण पडले की लक्ष द्यायची वेळ आली असं मानतात. ‘मी फक्त वीकेंडला पितो’ हे तिथे उत्तर धरत नाहीत, किती आणि त्यानंतर काय होतं ते विचारतात.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. रोज, भरपूर पिणाऱ्या माणसानं मीटिंग ऐकून जोशात एका रात्रीत बंद करू नये. दारू अचानक थांबली की दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट, भास होणं असं होऊ शकतं आणि त्यात जीवही जातो. आधी डॉक्टर. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, महापालिकेची रुग्णालयं आहेत, खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. मीटिंग त्यानंतरच्या वर्षांसाठी. आणि केंद्रात भरती करायची वेळ आली तर ते नोंदणी झालेलं आहे का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारल्याशिवाय नाही. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी केंद्रंही आहेत आणि तिथल्या मारहाणीच्या बातम्या अधूनमधून येतात.

कॉलेजं काय करतात? २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन, शपथ, पोस्टर स्पर्धा, एनएसएसची रॅली. पोस्टरवर हमखास कवटी आणि सिरिंज. वर्गातल्या मुलांचा रोजचा संबंध बिअरशी, पोस्टर हेरॉइनचं. ३१ डिसेंबरला ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत दूध वाटणारे कार्यकर्ते निदान नेमक्या दिवशी नेमक्या नाक्यावर उभे असतात. एए सरकारचे पैसे घेणार नाही, म्हणून १४ हजार कोटींतला वाटा मागण्यात अर्थ नाही. पण संध्याकाळी रिकामे पडणारे वर्ग भाड्यानं देणं महापालिकेच्या शाळांना आणि कॉलेजांना जमण्यासारखं आहे. नोटीस बोर्डवर, जिथे हरवलेल्या आयकार्डांची यादी लागते, तिथे एक कागद: वार, वेळ, पत्ता, फोन नंबर. पेंढरकर, मॉडेल, प्रगती, बिर्ला, कुठल्याही कॉलेजच्या विद्यार्थी प्रतिनिधीला हे एका दुपारी करता येईल. अगदी वॉशरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिथे कुणी बघत नसताना नंबर टिपून घेता येतो.

आणि हे वाचणाऱ्यांत स्वतः पिणाऱ्यांपेक्षा ज्यांच्या घरात कुणी पितं अशांचीच संख्या जास्त असणार. रात्री किल्लीचा आवाज ऐकून मूड ओळखणारी मुलं. मित्रांना घरी न बोलावणारी. त्यांच्यासाठी वेगळे गट आहेत. बिल विल्सनची बायको लोइस हिनं १९५१ मध्ये ‘अल-अनॉन’ सुरू केलं, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. टीनएजर मुलांचं ‘अलाटीन’ १९५७ पासून. मुंबई परिसरात अल-अनॉनच्या मीटिंग होतात. तिथे बाबांना कसं सोडवायचं याचा फॉर्म्युला मिळत नाही. त्यांच्यासाठी ऑफिसला खोटा फोन करायचा की नाही, त्यांची उधारी फेडायची की नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री भांडण झालं तर अभ्यासाला कुठे जायचं, असल्या गोष्टींवर ते सगळं भोगलेली माणसं बोलतात. बाबा मीटिंगला तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. ते कधीच गेले नाहीत तरी आई जाऊ शकते, तुम्ही जाऊ शकता. एएच्या नंबरवर फोन केलात तर एवढंच म्हणायचं, ‘पिणारा मी नाही, घरचा आहे. अल-अनॉनची जवळची मीटिंग कुठली?’